चौथी ‘ब’चं दार

मनोहररावांच्या लाल पेनाला त्यांच्या हापिसात जो मान होता, तो साहेबांच्या सहीलाही नव्हता. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. सकाळी ठरलेली वेळ टळली की ते हजेरीपट पुढे ओढत, पेनाचं टोपण काढत आणि आलेल्यांच्या सह्यांखाली एक सरळ लाल रेघ मारत. रेघेखाली ज्याची सही, त्याला लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाई. एकदा एक कारकून स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता उशिरा आला. मनोहररावांनी पत्रिका घेतली, अभिनंदन केलं आणि लेट मार्क दिला. पुढे लग्नाला जाऊन आहेरही चांगला केला. माणूस वाईट नव्हता, फक्त वेळेवर होता.

अशा माणसाला चौऱ्याहत्तर सालच्या गणेशोत्सवाआधी कॉलनीच्या मंडळानं स्मरणिकेचा संपादक केलं. स्मरणिका म्हणजे दरवर्षी निघणारं एक पातळ पुस्तक. त्यात सीताबर्डीच्या दुकानांच्या जाहिराती असत आणि उरलेल्या जागेत चंपतरावांची कविता असे. चंपतरावांचं सायकलींचं दुकान होतं आणि कविता लांब होती. ती दरवर्षी वाढत असे, कारण ते जुनी कडवी काढत नसत.

“यंदा आपण काहीतरी भारदस्त छापू,” मनोहरराव सभेत म्हणाले. “एका शिक्षिकेची मुलाखत. वर्गात शिस्त कशी लावतात, शिकवण्याची पद्धत काय, या पेशाकडे कशा पाहतात. आमच्या कार्पोरेशनच्या शाळेतल्या इंदुताई मेश्राम अजून चौथीलाच शिकवतात. मले वेळेची शिस्त लावली ती त्याच बाईंनी.”

हे ते मनापासून बोलले. माणूस हेडक्लार्क झाला की आपण लहानपणापासूनच हेडक्लार्क होतो असं त्याला वाटू लागतं.

“लिहून होईन तुमच्यानं?” चंपतरावांनी विचारलं. “मेमो लिहिणं वेगळं गा.”

“शनिवारच्या सभेत मुलाखत टेबलावर ठेवतो.”

“अन् नाही ठेवली तं?”

“नाही ठेवली तर ती चार पानं तुमच्या कवितेला, आणि संपादकाची खुर्चीही तुमची.”

कविता चार पानांची होईल या धास्तीनं कॉलनीतला प्रत्येक माणूस त्या क्षणापासून मनोहररावांच्या मुलाखतीसाठी झटू लागला, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

शाळेचे हेडमास्तर देवराव म्हणाले, बाहेरचा माणूस वर्गात घ्यायचा तर शिक्षण खात्याची परवानगी लागेल. मनोहरराव अर्ज घेऊन खात्यात गेले. आयुष्यभर लोकांचे अर्ज टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेल्या माणसाला टेबलाची बाहेरची बाजू किती खरखरीत असते ते तिथे कळलं. तिथला कारकून गिरिधर यानं अर्ज दोनदा वाचला.

“यात ‘विनंती’ आहे, पण ‘नम्र’ नाही.”

मनोहररावांनी ‘नम्र’ घातलं.

“आता खाडाखोड झाली. नवा अर्ज आणा.”

नवा अर्ज आला तेव्हा गिरिधरनं त्यांच्या कचेरीचं नाव वाचलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. “आमचा साळा रविंद्र तुमच्याच हापिसात आहे. मागच्या महिन्यात त्याची एक रजा कापल्या गेली. त्या रजेत तो आमच्याकडे बारशाले येणार होता.” मग त्यानं अर्ज आदरानं, अगदी हळू, ढिगाच्या तळाशी सरकवला.

परवानगी शुक्रवारी संध्याकाळी आली, पण शेपूट लावून. बाहेरचा इसम वर्गात बसणार असल्यामुळे खुद्द पर्यवेक्षक साहेब त्या वेळी शाळेत हजर राहणार होते. शनिवारी सकाळची शाळा, शनिवारीच संध्याकाळी सभा. म्हणजे मुलाखत घ्यायची, लिहायची आणि टेबलावर ठेवायची ती एकाच दिवसात.

सकाळी मनोहरराव निघाले तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता. पण जयाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “साहेब येऊन राहिले नं? मग कोट घाला.” कोट पेटीत, पेटी पलंगाखाली आणि पलंगावर पाहुणे. पाहुण्यांना उठवून, चहा पाजून कोट निघाला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास येत होता की मनोहररावांना स्वतःलाच आपण पेटीत आहोत असं वाटू लागलं. ऑगस्टातला नागपूरचा उकाडा बाहेर वाट पाहत होताच.

नळावर तुळसाबाईंनी गाठलं. त्यांचा नातू त्याच शाळेत होता.

“बाईले माझा एक प्रश्न विचारजा. आमच्या पोराले गणितात कमी मार्क काहून?”

“तुळसाबाई, ही मुलाखत पेशाबद्दल आहे.”

“मग पेशाबद्दलच विचारून राहिली मी. मार्क देणं हाच त्याहिचा पेशा नाही का?”

कोपऱ्यावर भैय्याजींचा पानठेला. भैय्याजी कधीही शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे शिक्षणाविषयी त्यांची मतं पक्की होती. “बाबूजी, पहला सवाल कडक पाहिजे,” त्यांनी पान लावता लावता सांगितलं. “पहिल्याच सवालात समोरचा घाबरला तर बाकीचे फुकट सुटतात.” पान नाकारणं बरं दिसेना, आणि तोंडात पान ठेवून शाळेत जाणं त्याहून वाईट, म्हणून मनोहररावांनी ते तिथेच उभं राहून संपवलं. मग नळावर परत जाऊन चूळ भरली, तेव्हा तुळसाबाईंना आणखी एक प्रश्न आठवलेला होता.

अशा रीतीनं, पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या उशिरावर जगलेले मनोहरराव चौथी ‘ब’च्या दारात पोचले तेव्हा शाळा भरून गेली होती, प्रार्थना झाली होती आणि फळ्यावर अर्धा धडा लिहून झाला होता.

ते सरळ आत शिरणार, एवढ्यात बसायच्या पुढच्या पट्टीवरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, आवाज कोर्टातल्या शिपायासारखा. ती वर्गाची मॉनिटर होती.

“थांबा. उशीर झाला तुम्हाले.”

“मी मुलाखतीला आलोय, बाळ.”

“उशिरा येणाऱ्यानं एक गोष्ट सांगा लागते. आम्हाले मालूम नसलेली. मंगच आत.”

मनोहररावांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. इंदुताई खडू हातात घेऊन शांतपणे उभ्या होत्या. केस थोडे पांढरे झालेले, पण नजर तीच. “वर्गाचा नियम आहे, मनोहर,” त्या म्हणाल्या. “अन् नियम तुह्यापेक्षा जास्त कोणाले कळन?”

बाईंनी आपल्याला नावानिशी ओळखलं याचा आनंद आणि ‘तुह्यापेक्षा’चा धक्का एकदमच बसला. पण चौथीच्या पोरांना माहीत नसलेलं काही सांगायचं यात अवघड ते काय, असं म्हणून त्यांनी घसा साफ केला.

“नागपूर ही पूर्वी मध्य प्रांताची राजधानी होती.”

“मालूम आहे,” अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

“वटवाघूळ हा पक्षी नाही.”

“मालूम आहे.”

“सूर्य पृथ्वीपेक्षा फार मोठा आहे.”

या वेळी सगळ्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. मागच्या पट्टीवरून कोणी एकानं वर्गातर्फे जांभई दिली. मनोहररावांच्या कोटाच्या आत घामाचे ओघळ सुरू झाले. आपण बी. ए. झालो, खात्याच्या परीक्षा दिल्या, सेवा नियमावली तोंडपाठ केली. त्यातलं काहीच कसं आठवत नाही? तेव्हा त्यांना नियमावलीच आठवली.

“तीन लेट मार्क झाले,” ते विजयी स्वरात म्हणाले, “की एक किरकोळ रजा कापतात.”

हे खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. मनोहररावांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

“मंग त्या दिवशी घरी राहू देते का?” मॉनिटर मुलीनं विचारलं.

“नाही. कामाला यावंच लागतं.”

“मंग रजा कोण घेते?”

“कोणीच नाही. ती कापली जाते.”

“कापून कुठी ठेवते?”

आजवर मनोहररावांनी कापलेल्या सगळ्या रजा डोळ्यांपुढून गेल्या, पण त्या पुढे कुठे गेल्या ते काही दिसेना.

“जे सांगणाऱ्यालेच पुरतं मालूम नाही, ते चालत नाही,” मुलीनं निकाल दिला. मनोहररावांनी पाय परत बाहेर घेतला.

एवढ्यात पर्यवेक्षक साहेब आले. साहेब असल्यामुळे ते अर्थातच मनोहररावांपेक्षाही उशिरा आले. त्यांच्यामागे येत असलेल्या हेडमास्तर देवरावांनी चौथी ‘ब’चं दार पाहिलं आणि त्यांना ऑफिसात काहीतरी काम आठवलं. या दाराशी त्यांच्याजवळच्या गोष्टी कधीच संपल्या होत्या.

“मी शाळा तपासायला आलो आहे,” साहेब दारातून गरजले.

“मालूम आहे,” वर्ग म्हणाला.

मनोहररावांच्या मनात आलं, आपल्याच अर्जामुळे हा माणूस इथे आला. आता बाईंची बदली होणार, आणि ती आपल्या नावावर लागणार. साहेबांनी मनोहररावांच्या कोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, नियम ऐकून घेतला. मग कपाळाचा घाम पुसत त्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं.

“आमच्या भिवापुराले अंगणात मिरच्या वाळू घालते,” ते एकदम घरच्या बोलीत म्हणाले. “माह्या काकाचं लगन त्याच दिवसात होतं. मंगलाष्टकं सुरू झाली अन् वारा फिरला. भटजी शिंकले, नवरा शिंकला, अंतरपाट धरणारे दोघंही शिंकले. अंतरपाट सुटला खाली. काकानं वेळेच्या आधीच नवरी पाहून घेतली.”

“मंग?” वर्ग.

“मंग काकू म्हणे, पाहूनच घेतलं तं आता माळ टाका लवकर. माहं बी नाक चुरचुरून राहिलं.”

पोरं हसून लोळली. मॉनिटरनं बाजूला होऊन साहेबांना आत घेतलं. साहेब खुर्ची सोडून पट्टीवरच बसले, पोरांशी हिशेब करून पाहिले, बाईंच्या फळ्यावरच्या अक्षराची तारीफ केली आणि तास संपल्यावर जाताना दारात उभ्या मनोहररावांना विचारलं, “तुम्ही कोणत्या शाळेचे?” उत्तराची वाट न पाहता ते गेलेही. बाईंची बदली होणार नव्हती हे उघड होतं. मनोहररावांना त्याचं बरं वाटलं, आणि भिवापूरच्या माणसाला काका असतो तसा आपल्याला एकही धड काका नाही याचं वाईट वाटलं.

शेवटी मुलाखत मधल्या सुट्टीत झाली. बाई दाराच्या आत खुर्चीवर, मनोहरराव बाहेर व्हरांड्यात. सुट्टीतही नियम सुट्टीवर नव्हता.

“बाई, या पेशात आपण कशा आलात?”

“बापाले वाटे, पोरीनं शिकावं. मी शिकली. मंग मले वाटलं, दुसऱ्याच्या पोरीनं शिकावं. त्यात मोठं काय आहे? पुढचं विचार.”

“ही जी पद्धत आहे, उशिरा येणाऱ्यानं नवी गोष्ट सांगण्याची, ती आपण कोणत्या ग्रंथातून घेतली?”

इंदुताई खदखदून हसल्या. “अरे, तुह्यापासून.”

मनोहररावांचं पेन थांबलं.

“मी नवीनच लागली होती तवा. हातात पट्टी घेऊन हिंडे, कारण मले पोरांचंच भेव वाटे. अन् तू रोज उशिरा. रोज म्हणजे रोज. मी पहिल्या दिवशी पट्टी उगारून विचारलं, काहून उशीर झाला? तं तू म्हणतं, बाई, आमच्या गल्लीत हत्ती बसला होता. दुसऱ्या दिवशी म्हणे, हत्ती अजून बसूनच आहे, त्याले उठवाले केळं आणले तं केळवालाच त्याच्या सावलीत झोपून गेला. तिसऱ्या दिवशी पैलवान आला. मंग पोस्टमन आला, हत्तीच्या नावानं मनीऑर्डर घेऊन. साऱ्या वर्गाचं ध्यान दाराकडे राहे, मन्या कवा येते. एक दिवस मी पाहिलं तं पट्टी खाली ठेवून मीच दारात उभी होती, तुही वाट पाहत. ते पट्टी मी पुन्हा उचललीच नाही.”

मनोहररावांच्या मनात कुठेतरी खोल एक हत्ती हलला.

“अन् मंग?” त्यांनी विचारलं.

“मंग तुह्या बापानं घरी घड्याळ आणलं. तू वेळेवर येऊ लागला. हत्ती तसाच राहिला बसून. वर्गाचं तोंड एवढंसं झालं होतं रे.”

“बाई,” मनोहरराव कष्टानं म्हणाले, “मी लोकांना सांगितलंय, वेळेची शिस्त मला तुम्ही लावली.”

“मी नाही बाबा. ते घड्याळानं लावली. मह्यावर नको टाकू.”

“हे छापता येणार नाही.”

“मंग नको छापू,” बाई म्हणाल्या आणि घंटा वाजली.

दुपारभर मनोहररावांनी एक भारदस्त मुलाखत लिहायचा प्रयत्न केला. तीत इंदुताई ‘शिस्त हाच शिक्षणाचा पाया होय’ असं म्हणत होत्या. ते वाचून त्यांना स्वतःलाच पटेना, कारण बाईंच्या तोंडी ‘होय’ बसत नव्हतं. कागद चुरगळले, पुन्हा लिहिले, पुन्हा चुरगळले, आणि सभेला पोचायला त्यांना उशीर झाला. एकाच दिवसात दोनदा. सभा भरलेली होती. चंपतराव हातात कविता घेऊन उभेच होते आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे दवाखान्याच्या बाकावर असतात तसे झाले होते.

“मुलाखत कुठी आहे?” चंपतरावांनी विचारलं. “अन् उशीर काहून झाला?”

मनोहरराव दारात उभे होते. कोट तसाच अंगात, हात रिकामे. संपादकाची खुर्ची समोर दिसत होती आणि ती आता चंपतरावांची होती. आता घरी जावं हे बरं, असं त्यांना वाटलं. पण आपण दारात असताना कुणी उशिराचं कारण विचारलं की काय करायचं हे त्यांना सकाळपासून पाठ झालं होतं.

“गल्लीत हत्ती बसला होता,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कोट, पान, नळ, ‘मालूम आहे’, कापलेली रजा, भिवापूरची मिरची, बाईंची पट्टी, पोस्टमनची मनीऑर्डर. आपण अजून त्या वर्गात शिरू शकलेलो नाही हेही सांगितलं. लोक आधी दबकत हसले, मग उघड हसले. चंपतरावांनी कविता कधी खाली ठेवली ते त्यांनाही कळलं नाही.

“मंग?” चंपतराव पुढे झुकून म्हणाले. “हत्तीचं काय झालं?”

“आठवत नाही.”

“आठवत नाही म्हणजे? अधुरंच?”

तसंच अधुरं छापायचं ठरलं, आणि चंपतरावांनीच ठरवलं. स्मरणिका हातोहात खपली. नंतर मात्र मनोहररावांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं. तुळसाबाई नळावर जयाबाईंनाही विचारत, “हत्ती उठला का वं जया?” भैय्याजी म्हणत, “बाबूजी, मनीऑर्डर भेजी किसने थी, इतना तो बता दो.” एका सोमवारी हापिसात गिरिधरचा मेहुणा रविंद्र उशिरा आला. मनोहररावांनी पेनाचं टोपण काढलं, पण रेघ मारण्याआधी पहिल्यांदाच विचारलं, “काहून उशीर झाला?”

“सायकल पंक्चर झाली साहेब.”

“मालूम आहे,” मनोहरराव म्हणाले आणि रेघ मारली. तेवढी शिस्त राहिलीच.

गणपती उठल्यावर ते बाईंना स्मरणिका द्यायला शाळेत गेले. लवकर निघाले होते, पण रस्त्यात प्रत्येकानं हत्ती विचारल्यामुळे उशीर झालाच. दारात तीच मुलगी उभी राहिली. यावेळी मात्र त्यांच्याजवळ हुकमाचा एक्का होता.

“तुमचा हा जो नियम आहे ना, तो माझ्यामुळे सुरू झाला.”

“मालूम आहे,” सगळा वर्ग म्हणाला. स्मरणिका बाईंनी आधीच विकत आणून वाचून दाखवली होती.

मनोहरराव पुन्हा दारातच राहिले. मुलांनी तोंडं वळवली नाहीत, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. सगळी त्यांच्याकडेच पाहत होती. इंदुताईही खडू ठेवून दारापर्यंत आल्या होत्या. या साऱ्यांना काय माहीत नाही ते मनोहररावांना एकदम उमगलं. ते फक्त एकाच माणसाला माहीत असू शकत होतं.

“हत्ती काही केल्या उठेना,” ते म्हणाले. “केळीवाला हरला, पैलवान हरला. मनीऑर्डर त्यानं सोंडेनं अंगठा उठवून घेतली आणि पुन्हा डोळे मिटले. मग एक हेडक्लार्क आला. कोट घातलेला. त्याच्याजवळ लाल पेन होतं. तो म्हणाला, हत्तीला लेट मार्क देतो. पण हत्तीच्या खाली रेघ मारायची तर हत्ती उचलावा लागतो. म्हणून तो वर मारायला पाठीवर चढला.”

“मंग?”

“पेनाच्या निबानं हत्तीला गुदगुल्या झाल्या. हत्ती उठला. हेडक्लार्क वरच राहिला.”

“मंग उतरला कसा?”

“उतरलाच नाही. तसाच हापिसात गेला. दारातून मावेना, म्हणून बाहेरच उभा राहिला, आणि साऱ्या कचेरीनं खिडकीतून पाहिलं की आज हेडक्लार्कालाच उशीर झाला.”

वर्गात जे हसणं उसळलं त्यात बाईंचं हसणं सर्वांत मोठं होतं. मॉनिटर मुलीनं मात्र कपाळाला आठ्या घालून थोडा विचार केला. गोष्ट पुरती तपासून पाहिली.

“हे मालूम नव्हतं,” ती म्हणाली, आणि पट्टीवर सरकून तिनं त्यांच्यासाठी जागा केली.